रंगाचे हात : चित्रकार वासुदेव गायतोंडे

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रकलेवर, आणि तीही जिच्यात ना माणूस ना झाड अशा चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु या चित्रांवर जो आक्षेप नेहमी घेतला जातो तो आमच्याच खात्यातला आहे : यात मेहनत ती कुठली? वासुदेव संतू गायतोंडे यांचे काम पाहून मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधले.

गायतोंडे गोमंतकीय घराण्यातले. जन्म १९२४ चा, नागपूरचा; वाढले मात्र मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ साली सर ज. जी. कलाशाळेची पदविका त्यांनी मिळविली आणि १९५० मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाने त्यांना आपल्यात बोलाविले. त्या काळी ते माणसे काढीत, भारतीय लघुचित्रांच्या वळणाची. पुढे पॉल क्ले या चित्रकाराचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्या चित्रातली माणसे हळूहळू विरत गेली. १९५७ साली तोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. असो. मानसन्मानांची यादी वाचण्यासाठी मी उभा नाही.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मानवत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. झाड पाहून झाडाचे झाडपण गाळीत जाणे निराळे, आणि मुळात झाडापासून सुरुवातच न करणे निराळे. गायतोंडे रंगापासून सुरुवात करीत. साठीच्या दशकापासून कुंचल्याऐवजी रोलर आणि रंगाची सुरी ही त्यांची मुख्य हत्यारे झाली. पातळ रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, वर दुसरा द्यायचा. पुढे पुढे फाडलेल्या कागदाचे तुकडे लावूनही ते कॅनव्हासवर रंग उठवीत किंवा उचलून घेत. बहुधा एका चित्रात एकाच रंगाचे घराणे : गेरू, तांबडा, हिरवा वा राखी, आणि त्याच्या पोटातून उजेड आल्यासारखा वाटतो. आकार आधी ठरलेला नसतो, तो या देण्याघेण्यातून वर येतो. यात नशिबाचा भाग आहे असे म्हणाल, तर नशिबाला मुक्काम करू द्यायचा की पुसून टाकायचे, हे ठरविणारी नजर कोणाची?

आमच्या संघटनेतल्या एका घरे रंगविणाऱ्या कारागिराला मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो होतो. जहांगीर निकल्सन या कापसाच्या व्यापाऱ्याचा संग्रह तेथे आहे आणि त्यात गायतोंडे आहेत. मी त्याला काहीच सांगितले नव्हते. तो चित्राच्या कडेला गेला, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, खालचा हात पुरता वाळू दिलाय. घाई केली असती तर सगळं कालवलं असतं.” समीक्षकांची पुष्कळ पाने मी वाचली आहेत, इतके नेमके वाक्य क्वचितच भेटले.

वाळू देण्याचा हा वेळ गायतोंडे यांनी कोणालाही विकला नाही. वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रे होत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. झेन विचाराची ओढ त्यांना होतीच. १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या लहानशा बिऱ्हाडी ते एकटे राहिले. १९८४ च्या अपघाताने मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले, तेव्हा कागदावर शाईची लहान रेखाटने केली.

२००१ साली ते वारले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाखांवर गेले. यातला पैसाही, अर्थात, करणाऱ्याच्या हाती पडला नाही. ती तऱ्हा आम्हांला परिचयाची आहे. परंतु मला अधिक सलते ते असे, की लिलावात गेलेले चित्र बहुधा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाते, आणि माझ्या त्या रंगाऱ्याला तेथे मान वाकडी करून पाहायला कोण बोलावणार?