काचेचे अम्लकोरण : घरगुती सुरक्षितता

काचेवर हायड्रोफ्लुओरिक अम्लाने अथवा फ्लुओराइडयुक्त लेपाने दुधी नक्षी किंवा अक्षरे उमटवण्याच्या क्रियेस अम्लकोरण म्हणतात. हे अम्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये तयार केले. काचेतील सिलिकेशी त्याची विक्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड वायू व पाणी तयार होते. संडास धुण्याचे ‘ॲसिड’ मात्र हायड्रोक्लोरिक अम्ल असते. त्याने काच कोरली जात नाही.

सौम्य द्रावणाचा धोका : पाणी घालून सौम्य केलेले हायड्रोफ्लुओरिक अम्लही घरी वापरण्याजोगे नसते. त्याचे रेणू त्वचेतून खोल शिरतात आणि फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकते. त्यामुळे ऊती मरतात, हाडास इजा पोहोचते व हृदयाची लय बिघडू शकते. २० टक्क्यांहून सौम्य द्रावण अंगावर पडल्यास वेदना २४ तासांपर्यंत उशिराने जाणवू शकतात. तोवर उपचाराचा मोलाचा वेळ हातचा जातो. बाजारातील कोरणलेपांत बहुधा अमोनियम बायफ्लुओराइड असते. त्याचेही विष फ्लुओराइडचेच.

चाळीतील परिस्थिती : मुंबईतील गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींत एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास चालतो. तेथे या अम्लाची वाफ फुफ्फुसांस इजा करू शकते व साधा मास्क ती अडवत नाही. वैद्यकीय वापराचे पातळ हातमोजेही पुरेसे नसतात. अंगावर थेंब पडल्यास वाहते पाणी तत्काळ लागते. पण अनेक चाळींत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते.

प्रथमोपचार : भिजलेले कपडे व अंगठ्या काढून भाग वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावा. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्यास पाच मिनिटे धुऊन लगेच ते चोळत राहावे. डोळ्यांत गेल्यास फक्त पाण्याने धुवावे. वेदना नसली तरी परळच्या केईएमसारखे मोठे रुग्णालय गाठून रसायनाचे नाव सांगावे, कारण साध्या भाजण्याचे उपचार येथे पुरत नाहीत.

पर्याय : घरासाठी दुधी फिल्म चिकटवणे सर्वांत निर्धोक. भांड्यांवर नाव घालतात तशा विजेच्या कोरणीस हिऱ्याचे टोक लावून, चष्मा घालून व काच ओली ठेवून अक्षरे कोरता येतात. मोठ्या तावदानांवर कारखान्यात वाळूचा मारा करून घ्यावा.