उसनं औषध: कुत्र्याच्या लुतीची कुळकथा

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा उन्हात काळ्या ऑइलनं माखलेलं, केस झडलेलं कुत्रं गल्लीत दिसलं, तर समजावं की कुणीतरी त्याच्यावर दया केली आहे. लूत लागली की गाडीचं जळकं ऑइल चोपडा, हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तो कुठून आला हे शोधत गेलं की लुतीच्या औषधाची सगळी वंशावळ उलगडते, आणि तिच्यात एक खोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दिसते. कुत्र्याला मिळालेलं औषध बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी केलेलं असे.

आपल्याकडे प्राण्यांच्या वैद्यकाला तोटा नव्हता. घोड्यांसाठी शालिहोत्र होतं, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांनाही जागा दिली, पण ती राजाच्या करमणुकीच्या भागात. घोडा आणि हत्ती लढाईला लागत, म्हणून त्यांच्या दुखण्यांवर ग्रंथ झाले. कुत्र्याने मात्र उसन्यावर भागवलं. गंधक त्याला माणसाच्या खरजेवरून मिळाला, तर करंजाचं तेल गुरांच्या गोठ्यातून. विदर्भात करंज आणि कडुनिंब दारोदारी, त्यामुळे करंजाच्या कडू तेलात गंधकाची पूड खलून लावणं हा घरगुती उपाय ठरला. तो अगदीच अडाणी नव्हता. गंधकाने खरजेचे किडे खरंच मरतात, तेलाने खपल्या मऊ होतात. अडचण एवढीच, की कुत्रा अंगाला लावलेलं चाटून टाकतो आणि उपाय पोटात जातो.

किडा खरा गुन्हेगार आहे, हे कळायलाही माणसाचीच खरूज कामी आली. 1687 साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहून त्याचं वर्णन केलं. कुत्र्याच्या लुतीचे किडे मुख्यतः दोन. सार्कोप्टिस कातडीत बोगदे खणून अंडी घालतो. तो कानांच्या कडा, कोपर आणि पोटावर आधी दिसतो, विलक्षण खाज आणतो आणि पाळणाऱ्याच्या अंगावरही काही दिवस पुरळ उठवतो. डेमोडेक्स केसांच्या मुळांत राहतो. तो पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडूनच मिळतो, थोड्या संख्येने निरोगी कुत्र्यातही असतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. त्याची माणसाला लागण होत नाही. दोघांनीही केस झडतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच ‘लूत’ वाटतात.

विसाव्या शतकात उसनवारी शेतापर्यंत पोचली. मायकेल फॅरडेने 1825 साली तयार केलेल्या बेंझीन हेक्झाक्लोराइडचा, म्हणजे बीएचसीचा, कीटकनाशक गुण 1940च्या दशकात कळला. ‘गॅमेक्सिन’ नावाने ती पावडर शेतात, गोठ्यात आणि तिथून गोचिडी झालेल्या कुत्र्याच्या अंगावर पडली. भारतात तिच्यावर 1997 साली बंदी आली. जळकं ऑइल याच रांगेतलं, फक्त ते गॅरेजातून आलं. तेलाने किडा गुदमरतो, हा त्यामागचा तर्क. पण इंजिनात फिरून आलेल्या तेलात जड धातू आणि विषारी हायड्रोकार्बन उतरलेले असतात. ते सोललेल्या कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातात. त्यात नागपूरचं ऊन असलं की तेलाने माखलेलं अंग आणखी तापतं.

शास्त्रशुद्ध औषधंही बराच काळ उसनीच राहिली. अमिट्राझ 1969 साली ब्रिटनच्या बूट्स कंपनीत तयार झालं. ते फळझाडांवर आणि गुरांच्या गोचिडींवर वापरलं गेलं, मग कुत्र्याच्या लुतीवरही आलं. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमधल्या कवाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा यांनी त्या मातीतला जीवाणू वेगळा केला, अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्याचे गुण तपासले, आणि 1981 साली औषध बाजारात आलं ते गुराढोरांच्या जंतांसाठी. त्याबद्दल दोघांना 2015 साली नोबेल मिळालं. हे औषध किड्याची नस बधिर करतं. सस्तन प्राण्याचा मेंदू एका आडपडद्यामुळे त्यापासून वाचतो. पण कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत जनुकातल्या दोषामुळे हा पडदा गळका असतो आणि गुरांच्या मापाचं इंजेक्शन त्यांच्या जिवावर बेततं.

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या परिसरातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 सालचं, 2000 साली स्थापन झालेल्या माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयही याच शहरात. तरी बोलताना आपण कुत्र्याला ‘गुरांच्या दवाखान्यात’च नेतो. तिथे उपचाराआधी ब्लेडने कातडी खरवडतात, डेमोडेक्सचा संशय असला तर चिमटीत दाबून थोडं रक्त झिरपेपर्यंत, आणि तो नमुना तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सार्कोप्टिस पुष्कळदा हाती लागत नाही, तेव्हा लक्षणांवरून उपचार सुरू होतो. औषधाने अंडी मरतीलच असं नसल्यामुळे मात्रा पुन्हा द्यावी लागते. एका फेरीनंतर सोडून दिलेली लूत म्हणूनच परत येते.

ही उसनवारी संपली ती अगदी अलीकडे. 2014च्या सुमारास आयसोक्साझोलीन गटातल्या चघळायच्या गोळ्या आल्या. गोचीड आणि पिसू मारण्यासाठी त्या आधी कुत्र्यासाठीच बाजारात आल्या, लुतीवरही चालल्या. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला देताना मात्र जपावं लागतं. पुढे याच गटातलं फ्लुरालनर कोंबड्यांना मिळालं. कुत्र्याच्या गोळीतल्या लोटिलनरचे डोळ्यांत घालायचे थेंब झाले आणि माणसाच्या पापण्यांतल्या वेगळ्या जातीच्या डेमोडेक्सवर अमेरिकेत 2023 साली त्यांना मान्यता मिळाली. माणसाने कुत्र्याचं औषध घ्यावं, अशी पाळी आली.

तेव्हा नागपूरकरांनी एवढं करावं. गॅरेजातलं ऑइल गॅरेजातच ठेवावं. कुत्र्याचं अंथरूण उन्हात टाकावं, गोचिडी लपतात त्या भिंतीच्या फटी बुजवाव्यात, पावसाळ्यात कान आणि बोटांमधल्या बेचक्या रोज पाहाव्यात. आणि केस झडलेले दिसले तर दुसऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेलं औषध मागण्याआधी आपल्या कुत्र्याची कातडी खरवडून तपासून घ्यावी.