ग्रिडची संगणकीय परीक्षा आणि निसटलेला एक आकडा

ऑस्ट्रेलियातील साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने वीजवाहिन्यांचे मनोरे आडवे केले. दोन मिनिटांत ग्रिडचा विद्युतदाब सहा वेळा घसरला. त्यानंतर सात सेकंदांच्या आत नऊ पवनऊर्जा प्रकल्पांचे उत्पादन ४५६ मेगावॉटने घटले. ही तूट भरून काढताना शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या जोडवाहिनीवर अतिभार आला, ती खंडित झाली आणि दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली.

राजकीय धुरळा उडाला तो पवनचक्क्यांच्या नावाने. चौकशीत मात्र वेगळीच बाब पुढे आली. ठरावीक वेळा दाब घसरला की उत्पादन कमी करायचे, अशी मर्यादा या पवनचक्क्यांच्या नियंत्रण प्रणालीत होती. ग्रिड चालविणाऱ्या यंत्रणेला दिलेल्या संगणकीय प्रारूपांत हा आकडाच नव्हता.

औष्णिक केंद्रातील जनित्राचा अवजड फिरता भाग बिघाडाच्या क्षणी आपल्या गतीतील ऊर्जा ग्रिडला देतो; त्यामुळे वारंवारिता एकदम कोसळत नाही. सौर प्रकल्प आणि आधुनिक पवनचक्क्या इन्व्हर्टरमार्फत ग्रिडला जोडलेल्या असतात. इन्व्हर्टरचे वागणे जडत्वावर नव्हे, तर त्याच्या सॉफ्टवेअरवर ठरते. बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडची लहर पाहून तिच्या तालावर चालतात. ग्रिड दुबळी असेल तर हा तालच चुकतो.

जुन्या पद्धतीची गणिते मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी आणि सरासरी मूल्यांवर चालतात. इन्व्हर्टरच्या जलद हालचाली त्यांतून निसटतात. म्हणून लहरीचा प्रत्येक क्षण मायक्रोसेकंदांत मोजणारे ‘विद्युतचुंबकीय क्षणिक’ प्रारूप वापरावे लागते. काही सेकंदांच्या घटनेसाठी संगणक तासन्‌तास राबतो. शिवाय उत्पादक आपले नियंत्रण-सूत्र व्यापारी गुपित मानतात आणि प्रारूप कुलूपबंद पेटीसारखे हाती ठेवतात. आत काय आहे हे न कळता केलेल्या परीक्षेवर कितपत विसंबायचे, हा प्रश्न उरतोच.

साऊथ ऑस्ट्रेलियाने पुढे संपूर्ण राज्याच्या ग्रिडचे असे प्रारूप कॅनडात विकसित झालेल्या ‘पीएसकॅड’ या प्रणालीत तयार केले. वारा मुबलक असतानाही वायूवर चालणारे किती संच सुरू ठेवावेत, हे त्यावरून ठरू लागले. २०२१मध्ये डेव्हनपोर्ट व रॉबर्ट्‌सटाऊन येथे, इंधन न जाळता फिरत राहणारे चार सिंक्रोनस कंडेन्सर जडचाकांसह सुरू झाले. त्यानंतर अशा संचांची किमान संख्या चारवरून दोनवर आणण्यात आली.