दूरच्या काळाचा हवाला

‘इन द लाँग रन’ हा शब्दप्रयोग इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्या लेखणीत एकोणिसाव्या शतकात इतका रुळला, आणि आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात अल्पकाळ व दीर्घकाळ असा रीतसर भेद करून त्याला अशी शास्त्रीय प्रतिष्ठा दिली, की वर्तमानातील आपत्तीचा हिशेब पुढच्या तारखेवर ढकलण्याची केवढी सोय त्यात आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले मार्शल यांचेच शिष्य केन्स यांचे. केन्स १९०६ साली इंडिया ऑफिसच्या नोकरीत शिरले (एअरशायरचे दहा वळू मुंबईस रवाना करणे ही त्यांची तेथील पहिली कामगिरी!) आणि हिंदुस्थानच्या चलनावरच त्यांनी १९१३ साली आपले पहिले पुस्तक लिहिले. पुढे महायुद्धानंतर युरोपातील चलने ढासळत असता, १९२३ च्या ‘अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म’मध्ये, चलन वाढेल त्याच प्रमाणात किमती चढतात या जुन्या सिद्धांताची परीक्षा घेताना, दूरवर पाहता हे बहुधा खरे ठरेल असे त्यांनी मान्य केले, आणि त्या दूरच्या काळी आपणांपैकी कोणीच हयात नसणार, असा टोलाही लगावला.

हा टोला गाजला. त्याचा अर्थ मात्र पुष्कळांनी उद्याची फिकीर न करणाऱ्या चैनी माणसाचे तत्त्वज्ञान असा केला. शुंपेटर यांच्यासारख्या विद्वानानेही १९४६ च्या मृत्युलेखात केन्स निपुत्रिक होते व त्यांची जीवनदृष्टी अल्पकाळाची होती, असे दोन्ही एका दमात नोंदवावे, हे मला न्याय्य वाटत नाही; कारण याच गृहस्थाने १९३० साली शंभर वर्षांनंतरच्या जगावर स्वतंत्र निबंध लिहिला होता.

त्याच १९२३ साली लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला. केन्सनी पुरस्कारलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर त्यात कठोर टीका आहे; तथापि हुंडणावळीच्या स्थैर्याहून देशातील किमतींचे स्थैर्य अधिक अगत्याचे, या निष्कर्षावर दोघेही, उपाय निराळे असूनही, एकाच वर्षी पोहोचले होते.

ब्रिटिश खजिन्याने मात्र वेगळाच मार्ग धरला. वेतने व किमती यथाकाल खाली येऊन जुळतील या भरवशावर चर्चिल यांनी १९२५ साली पौंड युद्धपूर्व दराने सोन्याशी पुन्हा जखडला, त्याची झळ कोळशाच्या निर्यातीस व खाणकामगारांच्या मजुरीस लागली, आणि १९२६ चा सार्वत्रिक संप होऊन गेल्यावरही ती जुळणी न साधता सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनला सुवर्णमान सोडावे लागले.