नाम, अंक आणि अधिकार : युनिक्समधील नामशोधाचा क्रम

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शिवारांत भूखंडांची आखणी होऊ लागली, तेव्हापासून तेथील प्रत्येक कारखान्यास दोन ओळखी प्राप्त झाल्या : एक त्याचे नाव आणि दुसरी ब्लॉक व भूखंड यांचा क्रमांक. नाव लोकांच्या तोंडी राहते, क्रमांक टपालवाल्यास लागतो. १९९४ साली स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या भारतीय कंपनीने आरंभी पिंपरीस टेल्कोच्या आवारात मोटारी जोडल्या व २००९ मध्ये ती चाकण येथे गेली. नाव तेच राहिले, ठिकाण बदलले. ज्याच्या वहीत जुना पत्ता टिपलेला होता, त्याचे पत्र चुकीच्या दारी जाणार हे ओघानेच आले.

संगणकांच्या जाळ्यातील यंत्रांची गोष्ट नेमकी अशीच आहे. यंत्रास यंत्र ओळखते ते अंकांवरून. नाव ही माणसाची सोय होय. तेव्हा नावावरून अंक कोठे शोधावा हा पहिला प्रश्न, आणि दोन ठिकाणी दोन भिन्न उत्तरे मिळाल्यास कोणाचे प्रमाण मानावे हा दुसरा. पहिला प्रश्न तंत्राचा आहे. दुसरा अधिकाराचा असल्यामुळे इतिहासदृष्ट्या तोच अधिक मोलाचा ठरतो.

आर्पानेटच्या आरंभकाळी प्रत्येक संस्था आपापली नामसूची ठेवीत असे. या सूचींत मेळ राहीना, म्हणून एकच अधिकृत सूची असावी असे पीटर डॉइच यांनी १९७३ च्या डिसेंबरात सुचविले. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील माहितीकेंद्रात ठेवली जाऊ लागली आणि इतरेजन तिची प्रत उतरवून घेऊ लागले. युनिक्सच्या ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘होस्ट्स’ ही फाइल याच प्रथेची वारस. यंत्रे वाढली तशी ही प्रत शिळी होऊ लागली. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांचा अधिकार श्रेणीबद्ध रीतीने वाटून देणारी डीएनएस ही पद्धती मांडली, आणि पुढच्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी तिचा ‘बाइंड’ हा आविष्कार सिद्ध केला.

भारताचे ‘इन’ हे नामक्षेत्र १९८९ च्या मे महिन्यात नोंदले गेले. त्याची व्यवस्था मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती व २००४ अखेरपर्यंत ती तेथेच राहिली. पुण्याच्या आयुका या संस्थेचे यंत्र ‘आयुका.अर्नेट.इन’ असे नाव धारण करी. ही नावे उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात, कारण अधिकार त्याच दिशेने उतरत येतो. चाकणवरून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने नारायणगाव गाठले की जवळच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ‘जीएमआरटी.एनसीआरए.टीआयएफआर.आरईएस.इन’ हे तिचे नाव म्हणजे वंशावळच : दुर्बीण पुण्याच्या केंद्राची, केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, आणि ती संस्था भारतातील संशोधनवर्गातली.

या वंशावळीत एक मेख दडलेली होती. जुने बाइंड अपुऱ्या नावापुढे आपल्या क्षेत्राचे नाव जोडून पाही. उत्तर न आल्यास डावीकडचा एकेक घटक गाळीत वर चढे. खोडदच्या नावास तो नियम लावला तर शोध प्रथम दुर्बिणीच्या, मग पुण्याच्या केंद्राच्या, मग टाटा संस्थेच्या क्षेत्रात जाईल, आणि तेथेही न थांबता ‘आरईएस.इन’ या कोणाही एका संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या क्षेत्रात शिरेल. म्हणजे घरातल्या माणसाला मारलेल्या हाकेस परक्याने ओ द्यावी, असा प्रकार. अमेरिकेत ‘ईडीयू.कॉम’ असे नाव कोणीतरी नोंदले तेव्हा हा धोका प्रत्यक्ष दिसला. एहुद गॅव्हरॉन यांनी तो १९९३ च्या ऑक्टोबरात आरएफसी १५३५ मध्ये मांडला. त्यानंतर आपोआप वर चढणे बंद करण्यात आले, आणि कोणती क्षेत्रे जोडून पाहावयाची ते ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलीतील ‘सर्च’ या ओळीत व्यवस्थापकाने स्पष्ट लिहावे अशी रीत रूढ झाली. आपले घर कोठे संपते हे यंत्रास अनुमानाने कळत नाही, एवढा साधा बोध व्हावयास दहा वर्षे लागली.

डीएनएस आले म्हणून जुनी नामसूची मात्र गेली नाही. बर्कलीच्या १९८६ च्या आवृत्तीत सूची की नामसेवक, हा निर्णय मूळ प्रोग्रामसंग्रह तयार करतानाच घ्यावा लागे. तो नंतर बदलता यावा म्हणून सन कंपनीने १९९२ च्या सोलारिसमध्ये ‘एनएसस्विच.कॉन्फ’ ही फाइल आणली. पुढे लिनक्सनेही ती स्वीकारली. तिच्यातील ‘होस्ट्स : फाइल्स डीएनएस’ ही लहानशी ओळ प्रामाण्याचा क्रम ठरविते : आधी घरची वही, मग जगाची व्यवस्था. सर्वसाधारणपणे हाच क्रम आजही आढळतो. बाहेरच्या जाळ्याशी संबंध तोडून ठेवलेल्या कारखान्यातील यंत्रांना तो सोयीचा पडतो. दोन-चार ओळींत काम भागते आणि नामसेवक बंद पडला तरी उत्पादन अडत नाही. परंतु यंत्र दुसऱ्या जागी हलविले, त्याचा अंक बदलला, आणि वहीतली ओळ तशीच राहिली, तर जगाची व्यवस्था कितीही अचूक असली तरी तिला विचारलेच जात नाही.

अशा प्रसंगी साक्षीदारांची पारख करावी लागते. ‘एनएसलुकअप’ व ‘डिग’ ही साधने नामसेवकास थेट विचारतात. होस्ट्स फाइल व तिचा अग्रक्रम ती जाणत नाहीत. म्हणून त्यांचे उत्तर बरोबर असूनही चालू प्रोग्राम चुकीच्या अंकाकडे जाताना दिसतो, आणि नवखा व्यवस्थापक बुचकळ्यात पडतो. प्रोग्राम ज्या क्रमाने विचारतो त्याच क्रमाने विचारणारा साक्षीदार म्हणजे ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा होय. दोहोंची उत्तरे भिन्न आली, तर होस्ट्स फाइलीतील ओळ कोणी व केव्हा लिहिली, याचा शोध प्रथम घ्यावा.