परीक्षा कुणाची, कशासाठी?

मुस्लिम जगातल्या वैद्यकाचा विषय निघाला की बगदादची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इ.स. ९३१ मध्ये एक रुग्ण चुकीच्या उपचाराने दगावला. तेव्हा खलिफा मुक्तदिर यांनी हुकूम काढला की, परीक्षा दिल्याशिवाय शहरात कुणी वैद्यकी करू नये. सिनान इब्न साबित या हकिमांनी आठशेहून अधिक वैद्यांची परीक्षा घेतली, असं जुने चरित्रकार नोंदवतात. नामवंतांना आणि दरबारी हकिमांना मात्र सूट होती.

आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सूट वगळतो. मला ती सूटच महत्त्वाची वाटते. काम करणाऱ्याने शिकत राहावं, त्याची पारख होत राहावी, हे योग्यच. पण पारख कुणाची होते आणि कोण सुटतं? विसाव्या शतकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात हा प्रश्न रुग्णवाहिकेवरच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या वाट्याला आला.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला. देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवतात, असं त्यात म्हटलं होतं. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांच्या गाडीकडे होतं. रुग्णाला उचलायचं, मागे टाकायचं आणि गाडी पळवायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेलं, पण मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. काही दिवसांनी ते वारले.

तिथले भूलतज्ज्ञ होते डॉ. पीटर सफर. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, त्याच्या जनकांपैकी ते एक. त्याच वर्षी त्यांची लहान मुलगीही दम्याच्या झटक्याने गेली होती. उपचार रुग्णालयाच्या दारात नव्हे, रस्त्यावरच सुरू व्हायला हवेत, हे त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी शिकलेली माणसं हवी होती. ती मिळाली हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाउस’ या स्थानिक संस्थेसोबत हे काम सुरू झालं. आलेल्या तरुणांपैकी कुणी व्हिएतनामहून परतलेले, कुणी शाळा अर्धवट सोडलेले, बहुतेक बेरोजगार. त्यांना सुमारे ३०० तासांचं शिक्षण मिळालं. त्यात शरीररचना, श्वसनमार्ग मोकळा ठेवणं, शुश्रूषा, गाडी सुरक्षित चालवणं असं सारं होतं.

हे शिक्षण तिथे संपलं नाही, म्हणून ही सेवा वेगळी ठरली. सत्तरच्या दशकात डॉ. नॅन्सी कॅरोलिन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः पथकासोबत गाडीत बसायच्या, रुग्णाजवळच शिकवायच्या. घशात नळी घालणं, शिरेतून औषध देणं, हृदयाचा आलेख वाचणं अशी तोवर डॉक्टरांची मानलेली कामं ही मुलं रस्त्यावर करू लागली. पॅरामेडिकसाठी पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम बनवताना अमेरिकेला हाच अनुभव कामी आला. कॅरोलिन यांनीच तो लिहिला.

आणि १९७५ मध्ये पालिकेने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केलं. माणसं सामावून घेण्याचं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे परीक्षा आल्या, त्यातही न शिकवलेल्या गोष्टींवरच्या. अनेकांना रुग्णांपासून दूरची कामं दिली गेली. नव्याने आलेले, अनुभवाने कमी असलेले गोरे कर्मचारी त्यांचे वरिष्ठ झाले. एकेक करून बहुतेक जण गेले. जॉन मून टिकले. रुग्णालयात ऑर्डर्ली असताना फ्रीडम हाउसचं पथक पाहून ते या कामाकडे वळले होते. पुढे ते शहराच्या याच सेवेत सहायक प्रमुख झाले आणि कृष्णवर्णीय मुलांना पुन्हा या पेशात आणण्यासाठी झटले.

शिक्षणाने ज्यांना उभं केलं, त्यांनाच परीक्षेने बाहेर काढलं. म्हणून परीक्षाच नको, असं मी म्हणणार नाही. रुग्णाच्या छातीवर हात ठेवणाऱ्याला आपलं काम आलंच पाहिजे. पण आधी शिकवा, मग तपासा आणि तपासताना सगळ्यांना एकच माप लावा, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक या शाखेला २००९ मध्ये मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण घ्यावं, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. पण अपघातस्थळी रुग्णाला पहिला हात लागतो, तो अनेकदा चालकाचा, वॉर्डबॉयचा किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराचा. आपल्या जमातीत, वस्त्यांत संस्था रुग्णवाहिका घेऊन देतात, त्याचं लोकार्पण होतं, फोटो छापून येतात. त्या गाडीवरच्या पोरांना दरवर्षी चार दिवस शिकवण्याचा खर्चही त्याच देणगीत धरावा, असं मला वाटतं. हिल डिस्ट्रिक्टमधली पोरं त्यांच्यापेक्षा फार वेगळी नव्हती.