छागल

छागल : पिण्याचे पाणी प्रवासात बरोबर नेण्याची व गार ठेवण्याची कातडी पिशवी. संस्कृतात ‘छाग’ म्हणजे बोकड; त्यावरून ‘छागल’ म्हणजे बोकडाचे, असा मूळ अर्थ. मराठवाड्यातील बीड हे शहर उत्तम छागलींसाठी प्रसिद्ध होते. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये येथील छागली व गुप्त्या यांचा उल्लेख आढळतो.

छागलीचे पाणी कातड्यात मुरते, बाहेरील पृष्ठभागावर येते व तेथे त्याचे बाष्पीभवन होते. ३०° से. तापमानास १ ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. ५८० कॅलरी उष्णता लागते. तिचा मोठा भाग आतील पाण्यातून घेतला जात असल्याने ते गार होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरड्या उन्हाळ्यात ही क्रिया विशेष प्रभावी ठरे. मात्र त्यासाठी कातड्याने पाणी शोषावे, पण गळू नये व कुजू नये, हा तोल साधावा लागे. हा तोल बऱ्याच अंशी पाण्यात विरघळलेल्या पदार्थांवर अवलंबून असतो.

कातडे हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे होय. ताज्या कातड्यात सु. ६० ते ६५ टक्के पाणी असते. त्यास मीठ चोळल्यास तर्षणाने पाणी बाहेर पडते व सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते; मीठ धुऊन काढल्यावर कातडे पुन्हा पाणी शोषते. चुन्याच्या निवळीत याच्या उलट घडते : तंतू फुगतात व केस सैल होतात. पुढे बाभळीची साल, हिरडा यांतील टॅनिन तंतूंशी बद्ध होऊन त्यांचे फुगणे मर्यादित करते. महाराष्ट्रात कातडी कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे, तर कमावलेल्या कातड्याच्या वस्तू बनविण्याचे काम चर्मकारांकडे असे. मीठ किती व चुना किती दिवस, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते.

या अनुभवाची शास्त्रीय उपपत्ती यूरोपात उशिरा लाभली. फ्रांट्स होफमाइस्टर यांनी प्राग येथे १८८८ मध्ये, अंड्यातील प्रथिन विद्रावातून वेगळे काढण्याच्या क्षमतेनुसार लवणांचा क्रम लावला. तसाच क्रम पुढे जिलेटिनाच्या फुगण्यातही आढळला : सल्फेटे फुगणे आवरतात, तर आयोडाइडे व थायोसायनेटे ते वाढवितात. अम्लात कातडे फार फुगते, पण त्यात मीठ असल्यास फुगत नाही. याचे स्पष्टीकरण एच. आर. प्रॉक्टर व जे. ए. विल्सन यांनी १९१६ मध्ये, एफ. जी. डॉनन यांच्या १९११ मधील समतोल सिद्धांताच्या आधारे दिले. भारतात या विषयाच्या संशोधनासाठी मद्रास (चेन्नई) येथे १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली.

वापरातही क्षारांचा प्रभाव राही. बेसाल्ट खडकातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असतात. बाष्पीभवनानंतर ती पृष्ठभागावर साचून पांढरी पुटे धरतात, छिद्रे बुजतात व छागल पूर्वीइतके पाणी गार करीत नाही.

कातड्याप्रमाणेच जाड कापडाच्याही छागली प्रचारात आल्या. कापसाचे तंतू पाण्याने आडवे फुगतात व विणीतील फटी अरुंद होतात. साध्या लवणांचा सेल्युलोजावर प्रथिनाइतका परिणाम होत नाही. तीव्र क्षाराने मात्र ते फार फुगते. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये याच गुणधर्मावर आधारित प्रक्रियेचे एकस्व घेतले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थर्मास व प्लॅस्टिकच्या बाटल्या यांमुळे छागल मागे पडली. तिच्या इतिहासात एक विसंगती मात्र नोंदविण्याजोगी आहे. इतरांचे पाणी गार राखणारे कातडे ज्यांनी सिद्ध केले, त्यांनाच अस्पृश्य मानून सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव केला जाई. महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने (१९२७) या अन्यायाला जाहीर आव्हान दिले व १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले.